पोटाच्या फोटोतल्या खुणा

(गडब येथे सेवाकार्याच्या हितचिंतकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलायला सांगितले आहे ते दोन पत्रांवर. आपल्यापैकी दोन कुटुंबांनी मिळून सेवाकार्याला सोनोग्राफीचे लहान, हातातून नेता येईल असे मशीन घेऊन देण्याची तयारी दाखवली आहे. गडबच्या आसपासच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर आपली गाडी महिन्यातून एकदा जातेच. तिच्यात मशीन टाकावे, गरोदर बायांच्या पोटाचा फोटो वाडीतच काढावा, बाळात जन्मजात काही दोष असेल तर तो वेळेवर कळावा, अशी त्यांची इच्छा. दुसरे पत्र आपल्या एका वडीलधाऱ्या बंधूंचे आहे. ते विचारतात, दोष कळल्यावर पुढे काय? देवाने दिलेले मूल नाकारायचे साधन आपणच पुरवायचे का?

दोन्ही पत्रे कळकळीने लिहिलेली आहेत. मी तीसएक वर्षे बाळंतपणे केली आणि त्यातली बरीच वर्षे सोनोग्राफीच्या पडद्यापुढे बसून काढली, म्हणून उत्तर द्यायचे काम माझ्याकडे आले असावे.

मशीनचे आधी सांगते, कारण ते लवकर आटोपते. ते घेता येणार नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली सोनोग्राफीचे प्रत्येक मशीन, ते जिथे वापरायचे ती जागा आणि ते चालवणारा डॉक्टर, या सगळ्यांची नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्याला मशीन विकणे हादेखील गुन्हा आहे. हातात नेण्याच्या मशीनबाबत २०१२ साली नियम आणखी कडक झाले. ते रुग्णालयाच्या आत, दाखल झालेल्या रुग्णांसाठी वापरता येते, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या दवाखान्यात. आपली गाडी म्हणजे औषधांच्या दोन पेट्या, वजनकाटा आणि बिस्किटांचे खोके. तिला कोणी फिरता दवाखाना म्हणणार नाही.

कायदा एवढा कडक का, हे मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण आजच्या विषयाशी त्याचे जवळचे नाते आहे. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, एकूण ४६. गर्भजलाचे पाणी सुईने काढून बाळाची गुणसूत्रे मोजायची चाचणी भारतात आली ती दोष ओळखण्यासाठी. पण ज्या चित्रात एकविसावी जोडी मोजायची, त्याच चित्रात शेवटची, तेविसावी जोडीही दिसते आणि मुलगा की मुलगी ते कळते. १९८० च्या दशकात मुंबईत या चाचणीचा बाजार कसा झाला, ते इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा त्याविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी घट्ट केला गेला. त्यामुळे आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते आणि प्रत्येक गरोदर बाईसाठी ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. गुणसूत्रांतले दोष, रक्ताचे आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंग यांच्या तपासणीला मात्र कायद्याने वाट ठेवली आहे. त्याच वाटेबद्दल मला बोलायचे आहे.

गुणसूत्रांत दोष म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या जोडीत दोनऐवजी तीन प्रती. एकविसाव्या जोडीत तीन असतील तर डाउन सिंड्रोम. अठराव्यात किंवा तेराव्यात तीन असतील तर बाळ फार आजारी असते. पुष्कळ बाळे पोटातच जातात आणि जन्मलेल्यांतली बहुतेक पहिला वाढदिवस पाहत नाहीत. डाउनचे वर्णन १८६६ साली लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरने केले. त्याचे कारण गुणसूत्रात आहे हे १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लजून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी प्रसिद्ध केले. लजून निष्ठावान कॅथलिक होते. आपल्या शोधाचा उपयोग या मुलांना जन्माआधीच शोधून काढण्यासाठी होतो आहे, याचे दुःख त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवले. २०२१ साली रोमन चर्चने त्यांना ‘आदरणीय’ ही पदवी दिली. पत्र लिहिणाऱ्या बंधूंची भीती नवी नाही, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला.

आता फोटोत काय दिसते ते पाहू.

पहिली गोष्ट, सोनोग्राफीत गुणसूत्रे दिसत नाहीत. ती इतकी सूक्ष्म असतात की ती पाहायला पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धराव्या लागतात. सोनोग्राफीत दिसते ते बाळाचे अंग, आणि त्या अंगावर काही खुणा. इंग्रजी अहवालात त्यांना ‘मार्कर’ म्हणतात. आकाश भरून आले म्हणजे पाऊस येईल असे आपण म्हणतो. कधी येतो, कधी वारा ढग घेऊन जातो. या खुणांचे साधारण तसेच आहे.

सर्वांत भरवशाची खूण मिळते ती फार लवकर, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात. तेव्हा बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर असते, म्हणजे माझ्या बोटाएवढे. त्याच्या मानेमागे कातडीखाली थोडे पाणी असते आणि पडद्यावर ती काळी पट्टी दिसते. बाळ मान ताठ वा वाकडी न करता आडवे पडलेले असतानाच ती मोजायची. तिला ‘एनटी’ म्हणतात. साडेतीन मिलिमीटरच्या वर गेली तर ती निश्चित जाड. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये किप्रोस निकोलाइडिस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मोजमाप रूढ केले. गंमत अशी, की डाउन यांनीही आपल्या वर्णनात या मुलांची कातडी अंगाला सैल, मापापेक्षा मोठी असते असे टिपले होते. ती सैल कातडी पोटातच, बाराव्या आठवड्यात दिसते हे कळायला सव्वाशे वर्षे गेली.

त्याच वेळी नाकाचे हाड पाहतात. डाउन असलेल्या निम्म्याहून अधिक बाळांत ते तेव्हा दिसत नाही. पण निरोगी बाळांतही शंभरात एखाद-दोघांत दिसत नाही. या दोन खुणा, आईचे वय आणि रक्ताची ‘डबल मार्कर’ चाचणी एकत्र केली तर डाउनच्या १० पैकी साधारण ९ बाळे ओळखू येतात. ऐकायला छान वाटते. पण त्याची दुसरी बाजू अशी, की १००० बायांची अशी तपासणी केली तर साधारण ५० जणींना ‘धोका जास्त’ असा कागद मिळतो, आणि त्या ५० पैकी एखाद-दुसरीच्याच बाळाला खरोखर डाउन असतो. उरलेल्या अठ्ठेचाळीस जणी विनाकारण रडतात. खात्री करायची तर वारेचा तुकडा किंवा गर्भजलाचे पाणी सुईने काढून तपासावे लागते, त्याचा पूर्ण अहवाल यायला दोनेक आठवडे जातात, आणि त्या सुईने गर्भ पडण्याचा थोडा धोका असतोच.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत आणखी खुणा दिसतात. मानेमागची कातडी ६ मिलिमीटर किंवा जास्त जाड असणे ही त्यांतली वजनदार खूण. बॉस्टनच्या बेरिल बेनासेराफ यांनी ती १९८५ साली दाखवून दिली. बाकीच्या हलक्या. हृदयात चमकणारा पांढरा ठिपका, मेंदूत पाण्याची बारीक गाठ, मूत्रपिंडात थोडे पाणी साठणे, आतडे हाडाइतके पांढरे दिसणे, मांडीचे हाड लहान असणे. हृदयातला ठिपका निरोगी बाळांत शंभरात तीन-चार जणांत सहज दिसतो, आशियाई बाळांत त्याहून अधिक. मेंदूतली गाठ बहुधा सातव्या महिन्यापर्यंत आपोआप जिरते. मांडीच्या हाडाबद्दल मला जरा जास्त सांगायचे आहे, कारण आपल्या वाड्यांवरच्या बायांना सर्वांत जास्त छळते ती हीच खूण.

हाड लहान आहे असे आपण म्हणतो, ते कशाच्या मानाने? अमुक आठवड्यांना अमुक लांबी, असा एक तक्ता असतो. म्हणजे आठवडे बरोबर मोजलेले हवेत. आठवडे मोजायला शेवटच्या पाळीची तारीख हवी. आणि वाडीवरची पोरगी तारीख सांगत नाही. ती सांगते, लावणी लागायच्या आधी. गौरी गेल्या त्या सुमाराला. होळीला मी बाहेर बसले होते. तिच्या हिशोबात चूक नसते. कागदावर उतरवणाऱ्याची चूक होते.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्याच एका वाडीवरची कातकरी मुलगी, १९ वर्षांची, पहिलटकरीण. लावणीच्या आधी पाळी आली होती एवढे तिला आठवत होते. कार्डावर कोणीतरी अंदाजाने १ जून लिहून टाकले. आता आपल्याकडे लावणी लागते ती जून संपता संपता, म्हणजे इथेच तीन-साडेतीन आठवड्यांचा घोळ झाला. दिवाळीच्या तोंडावर तिची सोनोग्राफी झाली, एका खासगी केंद्रात. कार्डाप्रमाणे २१ आठवडे पूर्ण. मांडीचे हाड मात्र साडेसतरा आठवड्यांचे. शिवाय हृदयात तो पांढरा ठिपका. अहवालात इंग्रजीत लिहिले गेले: मांडीचे हाड लहान, हृदयात ठिपका, आनुवंशिक सल्ला घ्यावा. त्याच अहवालात डोक्याचे मापही १८ आठवड्यांचे होते. डोके आणि हाड दोन्ही सारखीच मागे, म्हणजे बाळ बरोबर आणि तारीख चुकलेली. ती ओळ कोणी वाचली नाही. खिडकीपाशी बसलेल्याने सासूला सांगितले, बाळ मतिमंद निघेल, मुंबईला जाऊन पाण्याची तपासणी करा.

मुंबईला कसे जाणार? मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे ठरलेले. सासूने तो कागद घडी करून कुडाच्या भिंतीत खोचून ठेवला आणि घर भट्टीवर गेले. मुलीने त्यानंतर कुठल्याच दवाखान्याचे तोंड पाहिले नाही, लोहाच्या गोळ्याही घेतल्या नाहीत. मूल बिघडलेलेच आहे, आता गोळ्या कशाला, असे घरात ठरून गेले होते. मार्चअखेरीस भट्टीवरच्या खोपीत ती बाळंत झाली. वार अडकली, रक्त गेले, विटांच्या ट्रकमध्ये घालून तिला रुग्णालयात नेले, दोन बाटल्या रक्त चढवले तेव्हा ती वाचली. मुलगी झाली होती, अडीच किलोची.

मे महिन्यात घर परत आले तेव्हा आमची गाडी वाडीवर गेली होती. ती मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मी बाळ नीट तपासले. डोळे, हाताच्या रेघा, मान, हृदयाचे ठोके, सगळे ठीक. छान पोर होती, माझे बोट धरून सोडेना. मग आईने तो कागद काढून माझ्यापुढे धरला आणि विचारले, हिला ते कधी लागणार? पहिल्या दिवसापासून ती रोज वाट पाहत होती. पोर हसली तरी तिला वाटे, अजून लागले नाही.

मी तिला तिच्या वयाचा हिशोब सांगितला. विसाव्या वर्षी डाउनचे मूल होण्याचा संभव साधारण १५०० त १. नुसत्या ठिपक्याने तो वाढलाच असेल तर फार तर १००० त १ धरा. पस्तिसाव्या वर्षी कसलीही खूण नसलेल्या बाईचा संभव याच्या दुपटी-तिपटीने अधिक असतो, साधारण ३५० त १, आणि चाळिशीला १०० त १. तिला आकडे कळले असे नाही. पण मी कागद घडी करून माझ्या पिशवीत टाकला, तेव्हा ती खाली बसली आणि पोरीला पाजायला घेतले.

म्हणून पहिल्या पत्राला माझे उत्तर असे, की कायद्याने परवानगी दिली असती तरी मी मशीन नको म्हटले असते. फोटो काढणे ही या कामातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. त्यानंतर येणारा कागद कोण वाचणार, कोण समजावणार, पुढच्या तपासणीला कोण नेणार, याची सोय न करता फोटो काढला तर आपण वाडीवर आणखी एक भीती नेऊन सोडतो.

पण याचा अर्थ सोनोग्राफी नको, असा कोणी घेऊ नये. दुसरी गोष्ट ऐका.

एक ठाकूर बाई, ३८ वर्षांची, पाचवी खेप. आधीची चारही बाळंतपणे घरी झालेली, त्यामुळे दवाखान्याची तिला गरज वाटत नव्हती. आशाताईंनी हट्ट करून सातव्या महिन्यात तिला सरकारी रुग्णालयात नेले, कारण पोट दिवसांच्या मानाने फार मोठे दिसत होते. पडद्यावर बाळाच्या पोटात पाण्याचे दोन फुगे शेजारी शेजारी दिसले. एक जठराचा, एक त्याच्या पुढच्या आतड्याचा, आणि मध्ये वाट बंद. बाळ गर्भजल गिळते ते पुढे जात नाही, म्हणून पाणी साठून आईचे पोट वाढलेले. ही खूण ठिपक्यासारखी हलकी नव्हे. अशा बाळांपैकी साधारण तीनांत एकाला डाउन असतो. हे सगळे तिला आणि तिच्या नवऱ्याला मराठीत, कागदावर चित्र काढून सांगितले गेले. त्यांनी विचारले, वाट मोकळी करता येते का? येते. मग करा, म्हणाले.

बाळंतपण परळला झाले. दुसऱ्या दिवशी बाळावर शस्त्रक्रिया झाली. गुणसूत्रांच्या तपासणीत एकविसावी तीन निघाली. ते बाळ आता सहा वर्षांचे आहे. बोलतो थोडे, बोबडे. थायरॉइडची गोळी रोज घ्यावी लागते. हृदयाला लहान छिद्र होते ते आपोआप बुजले. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे ते तपासावेच लागते. तो बकऱ्यांना घरात येऊ देत नाही आणि सकाळी शाळेची घंटा झाली की दप्तर घेऊन सर्वांच्या पुढे पळतो. तो फोटो निघाला नसता तर घरी जन्मून, दूध ओकून ओकून आठवड्याच्या आत गेला असता, आणि वाडीवर म्हटले गेले असते की बाळाला बाहेरची बाधा झाली. आधीची चार बाळंतपणे घरी झालेल्या त्या बाईच्या घरातून दोन बाळे अशीच गेली होती. कशाने, ते आता कोण सांगणार?

आता दुसरे पत्र. बंधू, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी. २०२१ च्या सुधारणेनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही विशिष्ट परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. ही सुधारणा व्हायला मुंबईतली प्रकरणे बरीच कारण ठरली. २००८ मध्ये निकेता मेहता यांच्या बाळाच्या हृदयात दोष आढळला, दिवस २० आठवड्यांच्या पुढे गेले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. तो गुणसूत्राचा दोष नव्हता, पण घरोघर त्यावर चर्चा झाली. २०१७ मध्ये मुंबईच्याच एका ३७ वर्षांच्या बाईच्या २६ आठवड्यांच्या गर्भात डाउन आढळला. आईच्या जिवाला धोका नाही असे वैद्यकीय मंडळाने सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला नकार दिला.

माझे स्वतःचे मत तुम्हांला ठाऊक आहे. केवळ डाउन आहे म्हणून मूल नाकारू नये असे मला वाटते, आणि स्तोत्र १३९ मी तुमच्याइतकेच वाचते. पण समोर बसलेल्या बाईला मी कधी स्तोत्र वाचून दाखवले नाही. तिला दिसले ते, त्याचा अर्थ, पुढच्या तपासण्या आणि कायदा, हे सगळे खरे सांगायचे, आणि ठरवायचे तिने. खरे लपवून मिळवलेला होकार मला नको. आणि एक अनुभव असा, की माझ्याकडे आलेल्या आदिवासी बायांपैकी बऱ्याच जणींनी ‘नको’ म्हटले ते मुलाला नव्हे. त्यांनी विचारले ते वेगळेच. याला कोण बघणार? मी भट्टीवर असताना हा कुठे राहणार? दवाखान्याला पैसे कोण देणार? या प्रश्नांना आपल्याकडे उत्तर नसेल, तर तिने मूल ठेवावे अशी प्रार्थना करण्याचा अधिकार आपण कुठून आणणार?

आणखी एक बोलते, थोडे अवघड आहे. आपल्याच मंडळ्यांतल्या एका जोडप्याच्या बाळात अठरावे गुणसूत्र तीन होते. मुठी आवळलेल्या, बोटे एकमेकांवर चढलेली, हृदयात मोठा दोष, वाढ खुंटलेली. पाण्याच्या तपासणीत पक्के झाले. त्यांनी खूप रडून, पाळकांशी बोलून, गर्भपात करून घेतला. त्यानंतर ते उपासनेला येईनासे झाले. पाळकांनी काही म्हटले नव्हते. बाकांवर बसणाऱ्यांनी म्हटले होते. त्याच आजाराचे मूल दुसऱ्या एका बहिणीने ठेवले. ते अकरा दिवस जगले, बाप्तिस्मा झाला, तिच्या मांडीवर गेले. तिलाही लोकांनी विचारले, एवढे शिकलेले असून आधी तपासणी केली नव्हती का? मी दोघींच्याही घरी जाते. त्यांच्या घरातले दुःख मला एकसारखेच वाटते.

मग मशीनसाठी ठेवलेल्या पैशांचे काय करावे?

सर्वांत आधी तारखा. वाडीवर पाळी चुकली की पहिल्या दोन महिन्यांतच नोंद व्हावी, आणि ती सण-शेतीच्या हिशोबाने विचारून लिहावी. त्यासाठी आपण एक साधे कॅलेंडर छापू शकतो, ज्यावर पेरणी, लावणी, गौरी, दसरा, दिवाळी, होळी ठळक असतील. आशाताईंना आणि आपल्या सेविकांना ते दिले की १ जूनसारखे घोळ टळतील. दुसरे, वेळ. गणपतीच्या सुमाराला दिवस राहिलेल्या बाईचा बारावा आठवडा येतो डिसेंबरच्या तोंडावर, आणि तेव्हा घर भट्टीवर गेलेले असते. पाचवा महिनाही तिथेच जातो. ती परत येते ते नववा लागल्यावर. भट्टी कुठे आहे, मुकादमाचा फोन काय, जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वी कार्डावर लिहून द्यायला हवे. भट्टीवरच्या गावी आपल्या ओळखीची मंडळी असेल तर तिथल्या बहिणींना कळवायला हवे. हे काम पैशांपेक्षा फोन करणाऱ्या माणसाचे आहे.

सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी मोफत आहे आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते. तिथे जायला गाडी, आणि बरोबर बसायला कोणीतरी हवे. खासगी केंद्रातच जावे लागले तर अहवाल तिथल्या तिथे समजावून घ्यायचा आणि त्याचा मराठीत चार ओळींचा सारांश कार्डात लावायचा. ते मी आणि माझ्या दोन सहकारी डॉक्टर करू. वर्षातून तीन-चार जणींना पुढची तपासणी लागेल. त्यांचा मुंबईचा प्रवास, दोघांची राहण्याची सोय आणि बुडलेली मजुरी यासाठी पैसे वेगळे ठेवावेत. मजुरी विसरू नका. बाप बरोबर येत नाही तो बहुतेक वेळा तेवढ्यासाठीच. आणि जन्मलेल्या मुलांसाठी: सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात डाउनची तपासणी आहे, दिव्यांग प्रमाणपत्र आहे, ‘निरामय’ ही १ लाखापर्यंतची विमा योजना आहे. कागद करून देणारे कोणी नसल्यामुळे वाडीवर यातले फारच थोडे पोहोचते. त्या सहा वर्षांच्या मुलाचे प्रमाणपत्र काढायला आम्हांला अलिबागच्या चार फेऱ्या झाल्या.

देऊ केलेली रक्कम या कामाला वळवायला ती दोन्ही कुटुंबे तयार आहेत, हे त्यांनी मला आज सकाळीच सांगितले. त्यांचे आभार.

पुढच्या ९ तारखेला आपली गाडी सकाळी सात वाजता निघेल. वाडीवरच्या सहा बाया आहेत. त्यांतल्या एकीचा बारावा आठवडा चालू आहे, आणि एकीचे वय ३९ आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. बायाच हव्यात, दिवसभर थांबण्याची तयारी असलेल्या, आणि एकीला तरी इंग्रजी अहवाल वाचता यायला हवा. नावे चहाच्या वेळी माझ्याकडे द्या.